तात्पुरत्या घरांचं वय

"पीएचडीचा विषय काय?" या प्रश्नाला मी "तात्पुरती घरं" असं उत्तर दिलं की समोरचा हमखास विचारतो, "तात्पुरत्या घरांना कसला आलाय इतिहास?" मुंबईत ट्रान्झिट कॅम्पमध्ये लहानाचा मोठा झालेला माणूस मात्र हा प्रश्न विचारत नाही. आज या विषयातलं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं प्रकरण सांगतो. ते फ्रान्समधलं आहे.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा फ्रान्समध्ये लाखो इमारती पडलेल्या किंवा मोडकळीला आलेल्या होत्या. पण टंचाई फक्त बॉम्बमुळे नव्हती. पहिल्या महायुद्धापासून सरकारने घरभाडी गोठवली होती. भाडं वाढत नाही म्हटल्यावर मालक डागडुजी करेनात आणि नवीन भाड्याची घरं बांधायला कुणी पैसा घालेना. 1948 च्या कायद्याने नव्या घरांची भाडी मोकळी केली, पण ती मजुराच्या पगारात बसणारी नव्हती. त्यात खेड्यांतून लोक शहरात येत होते आणि मुलंही भराभर जन्मत होती. परिणाम असा, की हाताला काम आहे, दर आठवड्याला पगार मिळतोय, तरी कुटुंब राहतंय लॉजच्या एका खोलीत, तळघरात, जुन्या बसमध्ये नाहीतर तंबूत. 'बेघर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भिकारी येतो. इथे बेघर माणूस सकाळी डबा घेऊन कामावर जाणारा होता.

यावर लोकांनी स्वतःच दोन वाटा काढल्या. पहिली वाट 'कास्तोर' मंडळींची. कास्तोर म्हणजे बीव्हर, स्वतःचं घर स्वतः बांधणारा प्राणी. बोर्दोजवळच्या पेसाक इथे 1948 ते 1951 या काळात कामगारांनी मिळून 150 घरं उभी केली. ज्यांच्याकडे सुरुवातीला भरायला पैसे नव्हते त्यांनी श्रम भरले. कामावरून सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांच्या घरांवर राबायचं. कल्पना फार सुंदर, पण त्यासाठी पक्की नोकरी हवी, अंगात ताकद हवी आणि दोन-तीन वर्षं कुठेतरी तग धरता आला पाहिजे. ज्यांना आज रात्री छप्पर हवंय त्यांचं काय?

दुसरी वाट त्यांच्यासाठी होती. आबे पिएर हे कॅथलिक धर्मगुरू युद्धानंतर काही वर्षं खासदार होते. पॅरिसजवळच्या नुयी-प्लेझांस इथे त्यांनी 1949 मध्ये 'एमाऊस' हा समुदाय सुरू केला. त्यात येणारे बहुतेक जण स्वतःच आयुष्यात हरलेले, काही तर तुरुंगातून सुटून आलेले. हे लोक बेघर कुटुंबांसाठी घरं बांधायला लागले, आणि कित्येकदा परवान्याची वाट न बघता. 1951 मध्ये खासदारकी गेली आणि तो पगार बंद झाला. मग त्यांनी कचऱ्यातून चिंध्या, कागद, भंगार वेचून विकलं आणि त्या पैशातून बांधकाम चालू ठेवलं.

1954 च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. स्वस्त तातडीच्या वस्त्यांसाठी 1 अब्ज फ्रँक द्या, ही मागणी संसदेच्या वरच्या सभागृहाने फेटाळली. त्याच सुमारास नुयी-प्लेझांसला एका जुन्या बसमध्ये राहणाऱ्या कुटुंबाचं तान्हं बाळ थंडीने दगावलं. 1 फेब्रुवारीला आबे पिएर यांनी रेडिओवरून मदतीची हाक दिली. पॅरिसच्या रस्त्यावर एक बाई गारठून मेली होती आणि तिच्या हातात घरातून हाकलल्याचा कागद तसाच होता, ही बातमी त्यांनी सांगितली. त्यानंतर ब्लँकेटं, कपडे आणि पैसे यांचा नुसता पूर आला. चार्ली चॅप्लिनने 20 लाख फ्रँक दिले. ज्या संसदेने 1 अब्ज नाकारले होते तिनेच काही दिवसांत 10 अब्ज मंजूर केले, 12,000 तातडीच्या घरांसाठी.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपवतात. माझं संशोधन इथून सुरू होतं.

त्याच वर्षी नुआझी-ल-ग्रां इथे तंबूंच्या जागी स्वयंसेवकांनी अर्धगोल छपरांची घरं उभी केली. लोक त्यांना 'इग्लू' म्हणत. अडीचशेच्या आसपास कुटुंबं, मोजके सार्वजनिक नळ आणि चिखल. अपेक्षा अशी, की थोडे दिवस काढायचे आणि पक्क्या घरात जायचं. 1956 मध्ये जोसेफ व्ह्रेझिन्स्की हे धर्मगुरू तिथे आले, तेव्हाही ती कुटुंबं तिथेच होती. स्वतः गरिबीत वाढलेल्या व्ह्रेझिन्स्कींनी फुकट सूप वाटणं बंद केलं आणि ग्रंथालय, बालवाडी, कपडे धुण्याची सोय सुरू केली. 1957 मध्ये तिथल्या कुटुंबांना घेऊन संघटना काढली. शेवटचे इग्लू हटायला 1970 च्या आसपासचा काळ उजाडला. म्हणजे इग्लूत जन्मलेलं मूल तिथेच शाळकरी वयाचं झालं!

मग स्वयंसेवकांचं चुकलं का? मला तसं वाटत नाही. त्या रात्री छप्पर मिळालं नसतं तर आणखी माणसं मेली असती. पण घर तात्पुरतं आहे की नाही, हे त्याच्या भिंती ठरवत नाहीत. पुढचं घर तयार आहे का आणि त्याचं भाडं पगारात बसतं का, यावर ते ठरतं. पहिलं घर स्वयंसेवक महिन्याभरात बांधू शकतात. दुसऱ्यासाठी मात्र जमीन, स्वस्त कर्ज आणि कायदा लागतो. एमाऊसला हे कळलं होतं, म्हणूनच 1954 मध्येच त्यांनी स्वस्त भाड्याची पक्की घरं बांधणारी स्वतःची कंपनी काढली. 1956 मध्ये हिवाळ्यात भाडेकरूंना बाहेर काढण्यावर बंदी घालणारा कायदाही झाला.

म्हणून हल्ली कुठल्याही संक्रमण शिबिराची कागदपत्रं हातात आली की किती खोल्या बांधल्या हे मी नंतर बघतो. आधी शोधतो की किती कुटुंबं तिथून बाहेर पडली, कधी पडली आणि कुठे गेली. पहिला आकडा बहुतेक वेळा लगेच सापडतो. दुसरा शोधण्यातच माझी पीएचडी चालली आहे.