संघाला वाळीत टाकण्याची कुळकथा

जयपूरच्या गोपालपुऱ्याहून टोंक रोडने शहराकडे निघालं की रामबाग सर्कलजवळ सवाई मानसिंग स्टेडियम लागतं. 2014 ते 2017 असे चार उन्हाळे या मैदानावर आयपीएलचा एकही सामना झाला नाही. शहरावर एकामागून एक दोन शिक्षा कोसळल्या होत्या. मे 2014 मध्ये ललित मोदी राजस्थान क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदी निवडून आले आणि बीसीसीआयने त्याच दिवशी अख्खी संघटना निलंबित केली. पुढे 14 जुलै 2015 रोजी सट्टेबाजीच्या प्रकरणात न्या. लोढा समितीने राजस्थान रॉयल्सला दोन वर्षं बाहेर बसवलं. चेन्नईचीही तीच गत झाली.

या निकालाची वाट मुंबईतून गेली होती. बीसीसीआयने स्वतःच नेमलेली चौकशी समिती बेकायदा असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्येच सांगितलं होतं. आणि लोढा? मूळचे जोधपूरचे, पण न्यायाधीश म्हणून तेरा वर्षं मुंबईत काढलेले.

सट्टा लावला मालकांपैकी एकाने, घरी बसला सगळा संघ. या जातीची शिक्षा नीट घडवली गेली ती अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांत. 1905 च्या हंगामात तिथल्या फुटबॉलमध्ये इतके मृत्यू झाले की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना कॉलेजांना बोलावून घ्यावं लागलं. त्यातून 1906 मध्ये जी संघटना उभी राहिली, तीच आजची एनसीएए. पहिली चाळीस वर्षं तिच्या हाती उपदेशापलीकडे फारसं काही नव्हतं. 1948 मध्ये खेळाडूंना पैसे देण्याविरुद्ध नियम आले, पण शिक्षा एकच: हकालपट्टी. 1950 मध्ये सात कॉलेजांवर तो प्रसंग आला. हकालपट्टीच्या बाजूने 111 मतं, विरोधात 93. दोन तृतीयांश काही जमले नाहीत. इतकी मोठी शिक्षा द्यायला कुणाचाच हात धजेना.

मग सापडली मधली वाट. केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉलपटूंनी सट्टेवाल्यांकडून पैसे घेतल्याचं 1951 मध्ये उघडकीला आलं. चौकशीत आणखीही गैरप्रकार निघाले. एनसीएएने बाकीच्या सदस्यांना सांगितलं, यांच्याशी खेळू नका. 1952-53 चा हंगाम केंटकीने एकही सामना न खेळता काढला. हे चक्क वाळीत टाकणं. महाराष्ट्रात माणसाला वाळीत टाकणं 2016 च्या कायद्याने गुन्हा ठरलं. संघाला टाकणं मात्र नियमावलीत बसतं.

1985 मध्ये नियम आणखी कडक झाला: पाच वर्षांत दुसऱ्यांदा मोठा गुन्हा केला, तर हंगामच बंद. तिकडच्या पत्रकारांनी त्याला ‘मृत्युदंड’ म्हटलं. फुटबॉलमध्ये तो भोगला टेक्सासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने. आधीच्या चौकशीनंतरही तेरा खेळाडूंना हितचिंतकांच्या गुप्त निधीतून मिळून 61 हजार डॉलर गेले होते. विद्यापीठाच्या नियामक मंडळातल्या लोकांना हे ठाऊक होतं. त्यांपैकी बिल क्लेमेंट्स तर पुढे पुन्हा राज्याचे गव्हर्नर झाले! 1987 चा हंगाम रद्द झाला. खेळाडू पांगले, 1988 मध्ये विद्यापीठाने आपणहून संघ उतरवला नाही. त्यानंतर हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात पोचायला 2009 उजाडलं.

ते हाल पाहून एनसीएएच बिचकली असावी. पेन स्टेट विद्यापीठात माजी सहायक प्रशिक्षकाने वर्षानुवर्षं मुलांचं लैंगिक शोषण केल्याचं उघड झाल्यावर 2012 मध्ये सहा कोटी डॉलर दंड झाला, 1998 पासूनचे विजय खोडले गेले, पण संघ खेळत राहिला. आणि ते विजयही 2015 मध्ये परत बहाल झाले.

जयपूरच्या संघाला फार सोसावं लागलं नाही, याचं कारण खेळाडूंची सोय आधीच लावली गेली. डिसेंबर 2015 मध्ये पुणे आणि राजकोट या दोन नव्या संघांनी त्यांतले प्रमुख खेळाडू वाटून घेतले. अजिंक्य रहाणे पुण्याकडे गेला, शिक्षा संपल्यावर परतला, आणि 11 एप्रिल 2018 रोजी सवाई मानसिंगवर राजस्थानचा कर्णधार म्हणून उतरला.

पुण्याच्या संघाचं काय झालं? 2017 च्या अंतिम सामन्यात तो मुंबईकडून एका धावेने हरला. त्याच्यावर कसलाही ठपका नव्हता. दोन वर्षांची मुदत संपली म्हणून तो कायमचा बंद झाला.