गारगोटीचे अंडे

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दिवाणखान्यात काचेचे एक कपाट असते. त्यात लग्नात आलेला कपबशांचा संच असतो, मुलांना मिळालेल्या ढाली असतात, हजहून आणलेली तसबीह असते, आणि या साऱ्यांच्या मध्ये कधी कधी दगडाचे एक गुळगुळीत अंडे मांडलेले दिसते. आलेला पाहुणा ते हातात घेतो. ते थंडगार लागते, वाटले त्याहून जड भरते. 'फार सुंदर आहे' असे म्हणून तो ते परत जागेवर ठेवतो. कोठून आणले असे विचारले, तर 'आखातातून मामूंनी आणले' किंवा 'अजमेरच्या बाजारात घेतले' एवढेच उत्तर मिळते. दगड कोणता, तो खाणीतून कोणी काढला, त्याला हा आकार आणि ही झिलई कोणी दिली, हे सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तेच विचारावयाचे आहे. त्याचे कारण असे की, अशा अंड्याच्या इतिहासाचा पहिला धागा आपल्या विसरवाडीच्या मातीतच सापडतो.

साक्रीकडून कोंडाईबारीचा घाट उतरून विसरवाडीकडे येताना रस्त्याच्या कडेला जो काळा कातळ फोडलेला दिसतो, तो एके काळी तप्त लाव्हारस होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हा रस थरावर थर पसरत गेला आणि त्यातून दख्खनचे पठार तयार झाले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या कातळाखाली आहे. रस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षे त्या पोकळ्यांत गारेचा अंश असलेले पाणी झिरपत राहिले व आतल्या बाजूने थर साचत गेले. हीच आपली गारगोटी. शेतात नांगराच्या फाळाला लागून जिची ठिणगी उडते, तिचेच पट्टेदार, रंगीत आणि अर्धपारदर्शक भावंड म्हणजे अकीक. अरबी भाषेतला हा शब्द आपल्याकडे अंगठीच्या खड्याबरोबर आला आणि येथलाच होऊन राहिला.

माणसाने या दगडाची पारख फार लवकर केली. आपल्याच जिल्ह्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे हे गाव आहे. तेथे १९५५ साली पुरातत्त्ववेत्ते बा. के. थापर यांनी उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आली, आणि तिच्यात गारगोटीच्या जातीच्या दगडांची लहान लहान धारदार पाती मिळाली. त्याहूनही जुना पुरावा गुजरातेतील लोथलचा आहे. तेथे हडप्पा काळातील मणी घडविण्याचा कारखानाच सापडला. त्या काळचे लाल अकीकाचे लांबट मणी इराकमधील ऊर येथील राजघराण्याच्या दफनभूमीत मिळाले आहेत. ही देवघेव साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. पैठणहून भडोचच्या बंदराला गाड्यांनी हा दगड मोठ्या प्रमाणावर येतो आणि ती वाट वीस दिवसांची व अत्यंत बिकट आहे, असे तो सांगतो. सह्याद्रीच्या पठारावरून गुजरातच्या किनाऱ्याकडे माल उतरविण्याची रीत किती जुनी आहे, ते यावरून ध्यानात येईल.

या व्यापाराचे खरे माहेरघर म्हणजे आपल्या शेजारच्या भडोच जिल्ह्यातील रतनपूर. पूर्वी हा भाग राजपिपळा संस्थानात होता. येथील टेकडीवर बाबा गोर या हबशी संताचा दर्गा आहे आणि त्याची सेवा सिद्दी समाज पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. आफ्रिकेतून येऊन येथे अकीकाच्या धंद्याला ज्यांनी ऊर्जितावस्था आणली ते बाबा गोर, अशी परंपरा सांगते. पट्टेदार अकीकाला बाजारात 'बाबागोरी' हेच नाव पडले. खाणीत उतरून दगड काढण्याचे काम मात्र मुख्यत्वे भिल्लांचे. म्हणजे दर्गा सिद्द्यांचा, कुदळ भिल्लांची आणि पुढचे घडविणे खंभातच्या कारागिरांचे. आपल्या भागातील समाज एकमेकांच्या हातांवर कसे उभे राहिले, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागेल. सोळाव्या शतकाच्या आरंभी आलेला पोर्तुगीज बार्बोसा यानेही या प्रदेशातील लाल दगडाच्या खाणींची आणि त्यातून होणाऱ्या अंगठ्या, मुठी वगैरे जिनसांची नोंद केलेली आहे.

खाणीतून निघालेला दगड लाल नसतो. तो पिवळट, मातकट दिसतो. तो प्रथम उन्हात वाळवितात. नंतर मातीच्या मडक्यांत भरून शेणाच्या गोवऱ्यांच्या मंद आंचेवर भाजतात. त्यातील लोहाच्या अंशातले पाणी उडून जाते आणि दगडाला तो प्रसिद्ध लाल रंग चढतो. आंच एकदम वाढली तर दगड तडकतो. खंभातला आल्यावर कारागीर जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवितो आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने त्यावर हलके आघात करतो. शिंग लवचिक असल्याने टवका हवा तेवढाच उडतो. मण्यांना भोक पाडण्यासाठी हिऱ्याची कणी बसविलेला कमानीचा सामता असतो. झिलईसाठी पूर्वी मणी, अकीकाची पूड आणि पाणी चामड्याच्या पिशवीत भरीत, आणि दोघे समोरासमोर बसून ती पिशवी दहा-पंधरा दिवस मागेपुढे लोळवीत. आता हे काम विजेवर फिरणारी पिंपे करतात.

अंड्याची गोष्ट मण्याहून निराळी आहे. ते पिंपात घालून होत नाही. अंडे एका बाजूला निमुळते आणि दुसऱ्या बाजूला भरदार असते. ओबडधोबड ठोकळा हातात धरून, वेगाने फिरणाऱ्या चाकावर सारखा वळवीत घासावा लागतो. हात क्षणभर थांबला तरी त्या जागी सपाटी येते. नंतर अधिकाधिक बारीक चाकांवर तेच काम पुन्हा, आणि शेवटी झिलई. दोन अंडी तंतोतंत सारखी दिसली, तर त्यामागे साच्याची नव्हे, हाताची सवय असते, हे लक्षात ठेवावे.

मग दगडाला अंड्याचाच आकार का दिला गेला? एक कारण निसर्गानेच पुरविले आहे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. तिच्या प्रवाहात झिजून लंबगोल झालेल्या दगडांना हिंदू बांधव बाणलिंग मानतात. मध्य प्रदेशातील बकावां येथील कारागीर असे दगड घासून देशभर पाठवितात, आणि परदेशातील संग्राहकही ते आवडीने घेतात. दुसरे उदाहरण तर विलक्षण आहे. धार जिल्ह्यातील पाडल्या येथील शेतकरी काही गोल दगडांना 'काकड भैरव' म्हणून शेताच्या बांधावर पूजीत असत. ते दगड म्हणजे डायनासोरची अश्मीभूत अंडी आहेत, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्या जिल्ह्यातील ९२ घरटी आणि २५६ अंडी यांचा शास्त्रीय वृत्तांतही प्रकाशित झाला. माणसाने अंडी कोरण्याच्या कित्येक कोटी वर्षे आधी निसर्गाने ती दगडात उतरवून ठेवली होती. अशी खरी अंडी कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. ती जेथे आहेत तेथेच राहावीत, किंवा संग्रहालयात जावीत.

यापुढचा भाग युरोपचा आहे. ख्रिस्ती लोकांत ईस्टरच्या सणाला अंडे भेट देण्याची चाल आहे. रशियाच्या झारने १८८५ पासून फाबेर्झे या जवाहिऱ्याकडून दरवर्षी आपल्या राणीसाठी एक रत्नजडित अंडे करवून घेण्यास सुरुवात केली. १८९१ चे अंडे हिरव्या, लाल ठिपक्यांच्या अखंड गारगोटीतून कोरलेले आहे. त्याच्या आत सोन्या-प्लॅटिनमची एक चिमुकली युद्धनौका आहे. तिचे नाव 'पाम्यत अझोवा'. राजपुत्र निकोलस याच नौकेतून पूर्वेच्या प्रवासास निघाला होता, आणि १८९० च्या डिसेंबरात ती मुंबई बंदराला लागली होती. ते अंडे आज मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये आहे. राजेरजवाड्यांची ही हौस पुढे स्वस्त दगडांच्या रूपाने सामान्यांच्या घरात उतरली.

आज बाजारात जी अंडी मिळतात ती सगळी अकीकाची नसतात, आणि येथे घेणाराची फसगत होते. हिरवट, दुधी पट्ट्यांचे 'ऑनिक्स'चे अंडे बहुधा बलुचिस्तानातील चागाईकडील चुनखडीच्या जातीचे असते. काळ्या दगडात पांढऱ्या लांबट शंकूंची नक्षी दिसली, तर तो मोरोक्कोचा जीवाश्म समजावा. ते शंकू सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री प्राण्यांचे कवच होत. परीक्षा सोपी आहे. तळाच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, चाकूचे टोक ओढून पाहावे. अकीकावर ओरखडा उठत नाही, चुनखडीच्या दगडावर उठतो. लिंबाचा थेंब टाकल्यास चुनखडीच्या दगडाची झिलई त्या जागी मंदावते. अकीकाला काही होत नाही. आणि भडक निळे किंवा गुलाबी अकीक दिसले, तर ते रंगविलेले आहे हे निश्चित समजावे. ही रंगविण्याची विद्या जर्मनीतील इडार-ओबरस्टाईन या गावाने एकोणिसाव्या शतकात वाढविली.

त्याच गावाचा आणखी एक धडा आहे, आणि या लेखाचे प्रयोजन तेथेच आहे. तेथील कारागीर पाणचक्कीवर फिरणाऱ्या मोठ्या दगडी चाकांपुढे पालथे पडून, दिवसभर छातीने जोर देऊन अकीक घाशीत असत. त्यांच्या छातीत धूळ जाई. खंभातमध्ये आणि त्याच्या शेजारच्या शकरपूर येथे हेच घडले आहे. विजेची चाके आली, काम झपाट्याने होऊ लागले आणि धूळही तितक्याच झपाट्याने वाढली. गारेची ही धूळ इतकी सूक्ष्म असते की ती डोळ्यांना दिसत नाही. ती फुप्फुसात रुतून बसते व तेथे व्रण करते. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर बरे करणारे औषध नाही, काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो, आणि क्षयाला तो दार उघडून देतो. पुष्कळ चाके राहत्या घराच्या ओसरीवर चालत असल्याने बायकामुलेही त्यातून सुटत नाहीत. गारगोटी दळणाऱ्या गुजरातेतील गिरण्यांत कामाला गेलेल्या अलिराजपूर, झाबुआ, धारकडील आदिवासी मजुरांची कथा आपल्याला परकी नाही. आपल्या तालुक्यातील माणसेही कामासाठी त्याच दिशेला जातात. त्या मजुरांपैकी २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. पैसा मिळाला तरी श्वास परत येत नाही.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. दगड ओला ठेवून घासला तर धूळ बरीच दबते. चाकाजवळची धूळ ओढून घेणारे यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने अकीक कारागिरांसाठी तयार केले आहे. चाक राहत्या घरातून बाहेर काढले तर निदान मुले वाचतात. हे सारे ठाऊक असूनही होत नाही, कारण त्याला चार पैसे अधिक लागतात आणि घेणारा फक्त किंमत विचारतो.

तेव्हा वाचकहो, दगडाची अंडी जमवू नका असे सांगण्याचा हेतू नाही. कोणी घेतलेच नाही, तर खंभातच्या हुनराची चूलच विझेल. घेताना मात्र तीन प्रश्न विचारावेत: दगड कोणता, कोठला, आणि तो कोठे व कसा घासला? दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तरी प्रश्न त्याच्या कानावर पडू द्या. दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्याच्या आधी तो उत्तर शोधून ठेवील.

आपल्या शाळांकरिताही एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक शाळेत एक लहानसे कपाट दगडांसाठी असावे. त्यात मुलांनी आपल्या शेतातली गारगोटी आणावी, घाटातल्या काळ्या कातळाचा तुकडा ठेवावा, कोणाच्या घरचे अकीकाचे अंडे मिळाले तर तेही मांडावे. प्रत्येकाखाली चिठ्ठी असावी: दगडाचे नाव, गाव, आणि तिसऱ्या ओळीत तो घडविणाऱ्या हातांची माहिती. पहिल्या दोन ओळी भूगोलाचे शिक्षक लिहवून घेतील. तिसरी ओळ लिहिण्यासाठी मुलाला घरी जाऊन, वडीलधाऱ्यांना आणि दुकानदाराला विचारून यावे लागेल. इल्मची सुरुवात अशा विचारण्यानेच होते.