भाऊसाहेबांची पत्रे आणि गोविंदपंत

पानिपतच्या पराभवाचे खापर गोविंदपंत बुंदेल्यांवर फोडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. १८९८ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात सदाशिवरावभाऊंनी १७६० साली पंतांना धाडलेली पत्रे आहेत. मागणे तेच, पुन्हा पुन्हा : पैका पाठवा, रसद पाठवा, अंतर्वेदीत शिरून अब्दालीचे धान्य तोडा. शब्द उत्तरोत्तर कठोर होत जातात.

ही कठोरता आम्हांला समजते. दिल्लीच्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून भाऊंनी फौजेचा खर्च भागविला होता. ऑक्टोबरात कुंजपुऱ्याचा गहू हाती आला खरा. पण अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मध्ये बसला आणि दिल्लीची वाट तुटली. छावणीत लढणाऱ्यांखेरीज बुणगे होते, यात्रेकरूही होते. त्यांनाही पोट होतेच!

आम्ही गोंदियाच्या धानाच्या मुलखात राहतो. एक हंगाम बुडाला की कोठार किती दिवस पुरते, हे येथील शेतकऱ्याला विचारावे. पंत तर वसुलीचे कारभारी. सैन्यांनी तुडविलेल्या मुलखातून निव्वळ हुकमाने पैका कसा निघावा? दिरंगाई झाली असेल. तिला कुचराई म्हणण्यास मात्र आमचे मन घेत नाही. कारण पंत अखेर अंतर्वेदीत उतरले, त्यांनी अब्दालीची रसद अडविली, आणि डिसेंबर १७६० मध्ये अफगाण स्वारांच्या अचानक हल्ल्यात तेथेच मारले गेले.

छावणीकडे येणारी रसद त्यानंतर आटतच गेली. १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज खंदकाबाहेर पडली.