जीपला रंग लावण्याआधी

जिवतीत बसून अमेरिकी गाडीचा इतिहास कशाला, असं तुम्ही म्हणाल. मस्टँग आली १९६४ साली. त्याच्या दहाएक वर्षं आधीच फोर्ड आणि जनरल मोटर्स भारतातलं काम गुंडाळून गेल्या होत्या. त्यामुळे तसल्या दांडग्या व्ही-८ गाड्या आपल्याकडे दिसल्याच कमी. आपल्या वाट्याला आली विलीज जीप. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी ती मुंबईत जोडायला घेतली. पुढे सीजे-३बी आली. बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिनच उंच. माणिकगडच्या डोंगरात अशीच गाडी हवी.

आता अशी जीप कुणाच्या गोठ्यात सापडली, तर आधी बॉनेट उघडा. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकांनी मूळ इंजिन काढून डिझेल बसवलं. जाणकार नाक मुरडतात. मला विचाराल तर तोही इतिहासच. खरं नुकसान पुढे होतं. हौशी मालक पत्रा घासतो, पुट्टी भरतो, वर लष्करी हिरवा मारतो. साधी नागरी जीप एकदम लढाईवरून परतल्यासारखी! पण जुन्या रंगाचे थर, वेल्डिंगचे जोड गेले, ते गेलेच. इंजिन एखादवेळेस भंगारात मिळेलही. तेव्हा ब्रेक नवे घाला, पत्र्याला तेलाचा हात फिरवा. आणि हो, पैसे देण्याआधी चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवून बघा.