आकाशदर्शन, सार्वजनिक

वेधशाळा किंवा हौशी खगोलसंस्था सर्वसामान्यांना दूरदर्शीतून ग्रहतारे दाखवण्यासाठी योजते तो रात्रीचा कार्यक्रम. महाराष्ट्रात पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने (स्थापना १९४४) आणि हॅलीच्या धूमकेतूच्या आगमनकाळात १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या खगोल मंडळाने तो रुजवला (पहा : धूमकेतू). नवी मुंबईच्या उजळलेल्या आकाशात तेजोमेघ व दीर्घिका पुसट होतात. त्यांसाठी वांगणीसारखे अंधारे माळ गाठावे लागतात (पहा : प्रकाशप्रदूषण). चंद्रावरील विवरे, शनीची कडी मात्र शहरातूनही दिसतात. विवरे शुक्ल अष्टमीच्या सुमारास, छायेच्या सीमेवर उठून दिसतात. रात्रभराचे निरीक्षण मात्र चंद्रप्रकाश टाळण्यासाठी अमावास्येजवळ ठेवतात. पावसाळ्यात खंड पडतो. गुरूच्या चार मोठ्या उपग्रहांची बदलती स्थाने, म्हणजे गॅलिलिओचे १६१० मधील निरीक्षण, येथे कोणालाही स्वतः पडताळता येते; हेच या कार्यक्रमाचे मुख्य शैक्षणिक महत्त्व (पहा : दूरदर्शी).