रेषीय व्हिडिओ गेम मालिकांचे खुल्या विश्वात रूपांतर

ठरावीक क्रमाने पुढे सरकणाऱ्या ॲक्शन-ॲडव्हेंचर व्हिडिओ गेमच्या मालिकेने पुढील भागात ओपन-वर्ल्ड, म्हणजेच खुल्या विश्वाची रचना स्वीकारणे, यास रेषीय मालिकेचे खुल्या विश्वात रूपांतर म्हणतात. अशा बदलाने मालिका समृद्ध होते की तिचे मूळ वैशिष्ट्य हरवते, हा गेमसमीक्षेतील वादाचा विषय आहे. रचनेच्या निवडीवर निर्मितीचा खर्च व संघाचा आकार अवलंबून असल्याने पुणे व मुंबई येथील गेमनिर्मितीच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा ठरतो.

रचनेतील फरक

रेषीय खेळात प्रसंग, लढती व कोडी यांचा क्रम निर्माता ठरवतो. खेळाडू कोणत्या क्षणी कोठे असेल हे आधीच ठाऊक असल्याने कथेचा वेग, संगीत व दृश्यरचना यांवर निर्मात्याचे नियंत्रण राहते. खुल्या विश्वात खेळाडू विस्तीर्ण प्रदेशात हवे तेथे फिरतो व कामांचा क्रम बहुतांशी स्वतः निवडतो. त्यामुळे शोध घेण्याचा आनंद वाढतो; मात्र कथेतील तातडी टिकवणे कठीण जाते. नायकाचा आप्त संकटात असताना खेळाडू तासन्‌तास किरकोळ कामांत रमू शकतो, हा या रचनेवरील नेहमीचा आक्षेप आहे. शिवाय मोठा प्रदेश भरून काढण्यासाठी एकसारख्या कामांची पुनरावृत्ती होण्याचा धोका असतो.

प्रमुख उदाहरणे

'द लेजेंड ऑफ झेल्डा' या जपानी मालिकेचा १९८६ मधील पहिला भाग बराच मुक्त होता. पुढे मालिका अधिकाधिक क्रमबद्ध होत गेली. २०११ चा 'स्कायवर्ड स्वोर्ड' हे त्याचे ठळक उदाहरण होय. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये मात्र खेळाडूस प्रारंभिक प्रदेश ओलांडल्यावर थेट अंतिम लढतीकडेही जाता येते. येथे पूर्वकथा नायकाच्या विस्मृत आठवणींतून सांगितली असून त्या कोणत्याही क्रमाने सापडल्या तरी अर्थ लागतो. म्हणजेच नकाशासोबत कथनाची पद्धतही बदलली गेली.

'मिरर्स एज' (२००८) या छपरांवरून धावण्याच्या खेळाचे 'मिरर्स एज कॅटॅलिस्ट' (२०१६) मध्ये खुल्या शहरात रूपांतर झाले. त्यातील हालचालींची प्रशंसा झाली. परंतु शहरभर विखुरलेली दुय्यम कामे एकसुरी असल्याची टीकाही झाली. 'मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन' (२०१५) मध्ये लपतछपत शिरकाव करण्याच्या मूळ खेळास मोठा वाव मिळाला, पण कथा अपुरी राहिल्याचा आक्षेप घेतला गेला.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची वाटचाल निराळी आहे. 'द सँड्स ऑफ टाइम' (२००३) नंतर युबिसॉफ्ट कंपनीत या मालिकेच्या पुढील भागासाठी सुरू झालेल्या कामातून २००७ साली 'असॅसिन्स क्रीड' ही स्वतंत्र खुल्या विश्वाची मालिका जन्मास आली. तिचे नकाशे भागागणिक विस्तारत गेले. २०२३ च्या 'असॅसिन्स क्रीड मिराज'ने बगदाद शहरावर भर देत आटोपशीर रचनेकडे पुन्हा वळण घेतले.

मध्यम मार्ग

काही मालिका रेषीय कथेत एखादाच विस्तृत प्रदेश गुंफतात. 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७) हा भाग भारतात घडतो. त्यातील 'वेस्टर्न घाट्स' या प्रकरणात खेळाडू जीपने पश्चिम घाटातील काल्पनिक होयसळ अवशेषांमध्ये फिरतो आणि मुख्य ठिकाणांचा क्रम स्वतः ठरवतो. त्यानंतर कथा पुन्हा ठरावीक मार्गावर येते. 'गॉड ऑफ वॉर' (२०१८) मध्ये मध्यवर्ती सरोवराभोवतीचा प्रदेश अशाच रीतीने हळूहळू खुला होतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा रेषीय ॲक्शन-ॲडव्हेंचर खेळ प्रसिद्ध केला. महाबलासुराने पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा आहे. २०१७ मधील किकस्टार्टर मोहिमेत अपेक्षित निधी जमला नव्हता. काही तासांत पूर्ण होणाऱ्या या खेळात राजस्थानी वास्तुकला, पहाडी चित्रशैली व छायाबाहुल्यांच्या धर्तीवरील कथन यांचा वापर आहे. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्यास पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळासाठी नामांकन मिळाले. मर्यादित मनुष्यबळ थोड्या स्थळांच्या बारकाव्यांवर केंद्रित करता येणे, हा रेषीय रचनेचा लाभ येथे दिसतो.

याच वर्षी 'द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई स्टुडिओंकडे असल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये ते काम माँट्रियल स्टुडिओकडे सोपवण्यात आले. दुसरीकडे, मुंबईतील गेमऑन स्टुडिओने 'मुंबई गल्लीज' या खुल्या विश्वाच्या खेळाची घोषणा करून शहरालाच खेळाचे क्षेत्र बनवण्याचा मार्ग निवडला.

मूल्यमापन

वरील उदाहरणांवरून, शोध व संचार हा ज्या मालिकेचा गाभा असतो तिला खुले विश्व अधिक मानवते असे दिसते. जेथे नेमका वेग व क्रमाने उलगडणारी कथा हेच बलस्थान असते, तेथे केवळ नकाशा वाढवणे पुरेसे ठरत नाही. कथनाची पद्धतही नव्याने घडवावी लागते.