कर्नेल स्वतः कंपाइल करण्याची रीत

इंग्रजीत कर्नेल म्हणजे कवचाच्या आतला दाणा, आणि ज्या गोंदिया जिल्ह्यात धान राइस मिलवर जाते व तांदूळ, कणी आणि कोंडा वेगवेगळे होऊन परततात, तेथे हा शब्द समजावण्यास फारसे श्रम पडू नयेत. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नेल हाही असाच आतला भाग असून तो प्रोग्रामना मेमरी वाटून देतो, प्रोसेसरवर कोणाची पाळी कधी हे ठरवतो आणि की-बोर्ड, डिस्क, मोडेम यांच्याशी थेट व्यवहार करतो. युनिक्सच्या परंपरेत त्याच्याभोवतीच्या आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रामला ‘शेल’, म्हणजे टरफल, असेच नाव आहे. माणसाला वाचता येणारी कर्नेलची मूळ लिखित संहिता म्हणजे सोर्स कोड, आणि तिचे प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर करणे म्हणजे कंपाइल करणे. बहुतेक कंपन्या ग्राहकाला तांदूळ देत आणि धान स्वतःच्या कोठारात ठेवत. लिनक्सने धानच वाटले, आणि त्यातून घरोघरी गिरणी चालवण्याची एक रीत जन्मली.

ही रीत हौसेतून आली असे मानण्याचा प्रघात असला, तरी तिच्या मुळाशी अडचण होती. लिनुस टोरवाल्ड्स याने १९९१च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेल्या पहिल्या लिनक्समध्ये फिनलंडचा की-बोर्ड गृहीत धरलेला होता आणि तो बदलायचा तर सोर्स कोडमधील नोंद बदलून कर्नेल पुन्हा कंपाइल करण्यावाचून गत्यंतर नव्हते. मार्च १९९४ मधील १.० आवृत्तीपर्यंत संहिता पावणेदोन लाख ओळींच्या पुढे गेली, पण चार किंवा आठ एमबी मेमरीच्या यंत्रावर अनावश्यक ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण चालवणारा कर्नेलचा तुकडा, उगाच जागा अडवून बसे. कर्नेलने व्यापलेली मेमरी डिस्कवर हलवता येत नसल्यामुळे ही चैन परवडणारी नव्हती.

भारतात ही रीत तारांवरून कमी आणि टपालाने अधिक आली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते महानगरांपुरते. इतरत्र त्याला जोडून घ्यायचे तर एसटीडी कॉलचे बिल भरावे लागे. १९९६ मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने अंकासोबत स्लॅकवेअर लिनक्सची सीडी दिली. या उपक्रमामागे जर्मनीत जन्मलेले आणि बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस होते. भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला, त्याच वर्षीच्या जानेवारीत कर्नेलची २.२ ही आवृत्ती आली होती आणि तिचा आवळून बांधलेला सोर्स कोडदेखील दहा एमबीहून मोठा होता. मुंबई–हावडा लोहमार्गावरच्या गोंदिया गावाला तो मोडेमपेक्षा सीडीवरून येणे कितीतरी सोयीचे होते.

त्या काळची प्रक्रिया अशी होती. ‘मेक कॉन्फिग’ ही आज्ञा दिली की संगणक एकामागून एक शेकडो प्रश्न विचारी आणि प्रत्येकाला वाय, एन किंवा एम असे उत्तर द्यावे लागे. एम म्हणजे तो ड्रायव्हर कर्नेलमध्ये न शिवता मॉड्यूल म्हणून बाजूला ठेवायचा आणि लागेल तेव्हा जोडायचा. एका उत्तरात चूक झाली तर मागे फिरण्याची सोय नसल्यामुळे पुढे मेनूचा ‘मेन्यूकॉन्फिग’ लोकप्रिय झाला. त्यानंतर ‘मेक डेप’, ‘मेक बीझेडइमेज’ व ‘मेक मॉड्यूल्स’ या आज्ञा क्रमाने दिल्या जात. तयार झालेली फाइल बूट डिरेक्टरीत ठेवून, यंत्र सुरू होताना कर्नेल मेमरीत आणणारा लिलो हा प्रोग्राम पुन्हा चालवावा लागे, कारण लिलोला फाइलचे नाव नव्हे, तर डिस्कवरील तिची जागाच ठाऊक असे. यंत्र सुरू होताना लिलोच्या नावाचे एकेक अक्षर एकेका टप्प्यागणिक उमटे. पहिली दोनच अक्षरे उमटून पडदा थिजला, तर दुसरा टप्पा मेमरीत आला पण चालू झाला नाही, एवढे निदान जाणकार तेथल्या तेथे करीत.

हे काम जुन्या यंत्रावर तासन्‌तास चाले, आणि महाराष्ट्रात भारनियमनही तासन्‌तासच असे. वीज परत आल्यावर आधी एक्स्ट२ पद्धतीच्या डिस्कची संपूर्ण तपासणी होई. मग ‘मेक’ हा प्रोग्राम फाइलींच्या वेळा ताडून पाही आणि झालेले काम वगळून पुढचे उचली. सोय मोठीच, पण वीज जाताना अर्धवट लिहिली गेलेली फाइलही वेळेवरून नवीनच दिसे, तिला पूर्ण समजून ‘मेक’ पुढे जाई आणि दोष अगदी शेवटी, सारे तुकडे जोडताना उघडा पडे. म्हणून सावध माणूस ‘मेक क्लीन’ करून पहिल्यापासून सुरुवात करी. गोंदिया जिल्ह्यातच तिरोड्याचा ३,३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प २०१२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला, पण तोवर या रीतीची गरजच ओसरली होती.

ती ओसरण्याची कारणे तांत्रिक होती, तशी शैक्षणिकही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक तालुक्यातालुक्यांत नेला, पण तेथे शिकवले जाई ते विंडोज आणि ऑफिस, म्हणजे सडीक तांदूळ. दुसरीकडे मेमरी स्वस्त झाली आणि वितरकांचे तयार कर्नेल जवळजवळ सर्व ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून सोबत आणू लागले. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली डेबियनवर आधारित बॉस लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम याच वळणाची. जुन्या रीतीतली एक सवय मात्र टिकली. नवा कर्नेल घालताना जुना पुसायचा नाही, त्याची नोंद लिलोच्या यादीत राहू द्यायची, हा दंडक त्या काळी हाताने पाळला जाई. आजचे अनेक लिनक्स संगणक अद्ययावत होताना मागचा कर्नेल आपोआपच राखून ठेवतात आणि सुरू होतानाच्या मेनूत त्याची ओळ नव्याच्या खाली उभी असते.